मर्डोच्या बापाची काठी

“धरा की आबा. तो हौसेनं देतोय ना.”

प्रेमानंद म्हणाला, आणि त्याचे वडील दोन पावलं मागे सरले. मस्कतजवळ सीबच्या समुद्रात गुडघाभर पाण्यात उभा राहून मर्डो पंधरा फुटांची गळाची काठी त्यांच्यापुढे करत होता. मर्डो म्हणजे प्रेमानंदचा कंपनीतला साहेब, स्कॉटलंडचा. तिकडे सॅमन नावाचा मासा असतो, आपल्या रावसाचा थोरला भाऊ म्हणा. तो नदीत चढायला लागला की धरायची ही काठी. एका हाताने पेलत नाही, दोन्ही हात लागतात. बुडाशी दोरी गुंडाळायचं बशीएवढं चाक. चाकात गिअर-बिअर काही नाही. मूठ एकदा फिरवा, चाक एकदाच फिरतं. मस्कतला सॅमन औषधालाही नाही. तरी सुट्टीचा शुक्रवार उजाडला की मर्डो ती घेऊन खाऱ्या पाण्यात उभा.

“नगं बाबा,” आबा म्हणाले. “सायबाची चीज. मोडली-बिडली तर?”

“काय म्हणतात?” मर्डोने इंग्रजीत विचारलं.

“ही इज शाय, सर,” प्रेमानंद म्हणाला.

लाजाळू म्हणे. लाजायला आबा काय नवी नवरी होते? गावच्या दुकानात पैसे उंबऱ्यावर ठेवून वरून टाकलेला गूळ झेलण्यात ज्याचं बालपण गेलं, त्याला लाज नसते, सवय असते. विचारल्याशिवाय कशाला शिवायचं नाही हे त्यांच्या हाडात मुरवलेलं होतं, आणि मुरवणारे अजून गावात मिशांना पीळ देत फिरत होते. पोरगा इंजिनियर झाला, विमानात बसवून इकडे घेऊन आला. तरी महिनाभर आबा मस्कतमधल्या रुवीच्या फ्लॅटमध्ये सोफ्याच्या कडेला टेकत होते आणि फ्रीज उघडायचा तर सुनेला हाक मारत होते. परवा त्यांचं परतीचं विमान. जायच्या आधी त्यांनी एकदा, फक्त एकदा, न बिचकता काहीतरी हातात घ्यावं, एवढंच प्रेमानंदला हवं होतं. दुपारपासून तो मागे लागला होता, आणि आता त्याचा आवाज चढला होता.

“मोडली तर मोडली. मी बघतो काय ते. धरा म्हणतो ना.”

“अहो, त्यांच्यावर काय ओरडताय?” वाळूत थर्मास उघडून बसलेली संध्या म्हणाली. “तुम्ही तरी कधी धरलीत? दोन वर्षं तो घे म्हणतोय आणि तुमचं आपलं नो सर, थँक यू सर.”

प्रेमानंद वाकून पँटचे पाय दुमडू लागला. बायको खरं बोलली की त्याला असंच काहीतरी काम सुचायचं.

मर्डोला शब्द कळले नाहीत. पण घरातलं भांडण कुठल्याही भाषेत कळतं. तो पाण्याबाहेर आला, आबांच्या शेजारी वाळूत फतकल मारून बसला आणि सावकाश सांगू लागला. प्रेमानंद त्याचं मराठी करत गेला.

“आबा, ही त्यानं वडलांसाठी घेतलेली. वडील नदीवर जमीनदाराकडे कामाला होते. तिकडे नदीलासुद्धा मालक असतो. मालकाच्या पाहुण्यांच्या काठ्या वाहायच्या, मासा कुठं बसलाय ते दाखवायचं, गळाला लागला की जाळीत घ्यायचा. स्वतः गळ टाकायचा नाही. जन्मभर. यानं पहिल्या पगारात ही काठी घेऊन दिली.”

“मंग?”

“म्हाताऱ्यानं दाराआड उभी केली. रोज पुसायचा. नदीवर काही नेली नाही. तसाच गेला.”

आबा मर्डोच्या उन्हाने सोललेल्या नाकाकडे बघत राहिले.

“गोऱ्यांच्यातबी हाय का आसलं?”

“अगदी आपल्यासारखं नाही. पण आहे.”

“आन् नदी कुनाच्या बापाची म्हनावं?”

प्रेमानंदने विचारलं. मर्डोने एक सणसणीत शिवी हासडली. तिचं मराठी करायची गरज पडली नाही. आबा खुदकन हसले.

मग त्यांनी धोतर वर खोचलं, काठीसाठी हात पुढे केला आणि ती घेऊन पाण्यात शिरले.

पहिल्या फेकीला दोरी त्यांच्याच टोपीवर आली. दुसऱ्या फेकीला टोकाचा पिसांचा खोटा किडा वाळूवर संध्याच्या पुढ्यात पडला.

“आबा, समुद्र तिकडं आहे,” ती म्हणाली. “इकडं तुमची सून बसलीय.”

पुढच्या कितव्या तरी फेकीला दोरी लांब, सरळ जाऊन पडली. थोड्या वेळाने काठी कमानीसारखी वाकली. मासा पळाला तसं चाक उलटं गरगरलं आणि त्याची मूठ आबांच्या बोटांवर फाडफाड बसली.

“मूठ सोडा आबा, मूठ सोडा. तळहात लावा चाकाला, नुसता टेकवा.” मर्डोचं ऐकून प्रेमानंद मराठीत ओरडला.

आबांनी तळहात टेकवला. मासा पळाला की जाऊ द्यायचं, दमला की गुंडाळायचं. ते बिनगिअरचं चाक. हातभर दोरी आत यायला जीव जात होता. बोटांची सालं निघाली होती. आबांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते माशाशी बोलत होते, “ये रं सोन्या, आता कुटं जातोस, ये.”

मासा जवळ आला. पाण्याखाली पत्रा चमकावा तसा चमकला, चांगला हातभर. मर्डोला राहवलं नाही. तो पाण्यात धावला आणि मदतीला म्हणून त्याने काठीकडे हात नेला.

आबांनी खांदा आडवा घातला. वळूनही पाहिलं नाही.

“प्रेमा, सांग तुज्या सायबाला. हात लावू नगं म्हनावं.”

प्रेमानंदने सांगितलं. इंग्रजीत, पुढे-मागे ‘प्लीज’ न लावता.

मर्डोने दोन्ही हात पँटच्या खिशात घातले आणि मांडीभर पाण्यात तसाच उभा राहिला.