मेलेल्या अक्षराची जागा

"उद्या डोंगरावर यायला जमायचं नाही. गुडघ्याने दगा दिलाय, घरात पडून आहे," असा निरोप निवृत्त प्राध्यापक प्यो यांनी आपल्या जुन्या सहकाऱ्याला, मेंगसरांना पाठवला. पुरावा म्हणून पट्टी बांधलेल्या गुडघ्याचा फोटोही जोडला. फोटोच्या कोपऱ्यात खानावळीचं टेबल, कांदापातीचं अर्धं धिरडं आणि तांदळाच्या दारूची पिवळी किटली दिसतेय, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

मेंगसरांनी उत्तरात एक शब्दही लिहिला नाही. नातीने शिकवलेले, संशयाने रोखून बघणारे दोन डोळे तेवढे पाठवले: ㆆ_ㆆ

"पकडले गेलात," समोर बसलेली बायको म्हणाली. "आता मुकाट्याने माफी मागा."

पण प्योसर त्या डोळ्यांकडे बघत गालातल्या गालात हसत होते. पस्तीस वर्षांपूर्वी, संगणकात कोणती अक्षरं घ्यायची हे ठरवणाऱ्या समितीत, आज डोळा झालेल्या, गोलावर आडवी रेघ असलेल्या या जुन्या कोरियन व्यंजनासाठी ते एकटे भांडले होते. तेव्हा मेंगसर भर बैठकीत म्हणाले होते, "पाचशे वर्षांपूर्वी मेलेल्या अक्षराला जागा कशाला? माझ्या हातून हे कधी लिहिलं गेलं, तर तुमची पिशवी मी डोंगरावर वाहून नेईन."

प्योसरांनी किटली बाजूला सारली आणि उत्तर लिहिलं, "गुडघा बरा झाला. सकाळी पिशवी न्यायला या. अक्षर दोनदा लिहिलंत, तेव्हा उतरतानाही तुम्हीच घ्यायची."