मधला टप्पा

सुनीतीनं मधल्या टप्प्यापुढे कॅलमचं नाव लिहिलं आणि उदयच्या हातातला दोरा नकाशावरून घसरला. डोंगराच्या वळणावळणानं जपून लावत आणलेला दोरा. आता अंतर पुन्हा पहिल्यापासून मोजायला हवं होतं.

"आणि शेवटचा टप्पा तुझा," ती म्हणाली. "किनलॉक हूर्नपर्यंत. पार्किंगशी फिनिश."

शेवटचा टप्पा म्हणजे खाडीकाठची पायवाट. तिथे कुणाच्याही आजीनं सोबत केली असती. उदयनं दोरा उचलला आणि बोटाला गुंडाळत बसला.

वॉटफर्डच्या त्या घरात डायनिंग टेबलावर कुणी जेवल्याला दोन महिने झाले होते. एकोणनव्वद सालचा मे उजाडला, तरी तिथे स्कॉटलंडच पसरलेलं होतं. नॉयडार्टचे डोंगर. त्यांत गाडीरस्ता नाही, वस्ती नावालाच, एकदा आत शिरलं की आपल्या पायांनीच बाहेर यायचं. ते सगळे एका दमात धावून पार करायचे, असं सुनीतीनं मनावर घेतलं होतं. हॉस्पिटलात लहान मुलांची डॉक्टर, चाळिशीला टेकलेली बाई आणि हे खूळ! आखणी मात्र उदयची. तो कौन्सिलमध्ये रस्त्यांचा इंजिनिअर. कुठून चढ सोपा पडेल, कुठला ओढा पावसात अडवेल, हे त्याच्याइतकं नकाशातून कुणाला वाचता येत नव्हतं.

या खेळाची एक रीत आहे. धावणाऱ्यानं नुसतं धावायचं. दर टप्प्याला सोबती बदलतो. खाणंपिणं तो वाहतो, धुक्यात वाट तो काढतो, आणि शिखराला पाय लागला याची साक्षही तोच देतो. त्यातला मधला टप्पा सगळ्यात वाईट. अंधार तिथेच पडणार, पाय तिथेच संपणार. तिथला सोबती तोच खरा सोबती, बाकीचे आपले पाणी द्यायला. आणि तिथे कॅलम!

कॅलम त्यांच्या रनिंग क्लबातला. शाळामास्तर, स्कॉटिश, सडाफटिंग. रविवारी यायचा, थालीपीठ हाणायचा आणि वर लोण्याचा दुसरा गोळा मागून घ्यायचा. डोंगरांची गेलिक, तिकडच्या जुन्या भाषेतली नावं तो म्हणून दाखवायचा आणि सुनीती शाळकरी मुलीसारखी त्याच्यामागून म्हणायची. उदयच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आजसुद्धा निघताना कॅलम तिच्या खांद्यावर थोपटून गेला होता. उदयनं दार जरा जोरातच लावलं.

खरं तर तिला धावायला नेलं उदयनंच. पहिल्या वर्षी ती धापा टाकत मागे राहायची आणि तो वर थांबून तिला हात द्यायचा. फार छान वर्ष होतं ते. मग ती बरोबरीला आली, आणि बघता बघता पुढे निघून गेली. हॅरोच्या मराठी मंडळाच्या गणपतीत लोक त्याची ओळख 'सुनीतीचे मिस्टर' अशी करून द्यायला लागले. तो हसून नमस्कार करायचा आणि घरी येईपर्यंत गाडीत गप्प असायचा.

गेल्या वर्षी वेल्समधल्या शर्यतीत तिचा पाय मुरगळला. तिनं शर्यत निम्म्यात सोडली. उदयनं तिला पाठुंगळीला मारून खाली आणलं, रजा काढली, आठवडाभर तिला जागचं हलू दिलं नाही, मऊ वरणभात कालवून हातात दिला. मंडळातल्या बायका म्हणाल्या, नवरा असावा तर असा. तो आठवडा उदयचा मोठ्या सुखात गेला होता.

आणि एवढं करून त्याच्या वाट्याला काय, तर पार्किंग.

"सगळा रूट मी प्लॅन केला," तो शेवटी म्हणाला. "खडान्‌खडा माहीत आहे मला. आणि मधे तो? सरळ सांग ना सुनीती, काय चाललंय तुमचं?"

ती चिडली नाही. पेन्सिल खाली ठेवून त्याच्याकडे बघत राहिली.

"कॅलम? डोण्ट बी सिली, उदय. त्याला थालीपीठ मिळालं की बास आहे."

"मग मी का नको?"

"कारण तिथे मी रडणार आहे. पाय उचलत नाही, आय कान्ट डू इट, पुरे झालं, म्हणणार आहे. सगळेच म्हणतात. कॅलम म्हणेल, शट अप, पुढचा डोंगर. तू म्हणशील, चल, घरी जाऊ."

उदयचा जीव भांड्यात पडला. हात्तिच्या, एवढंच होय! म्हणजे कॅलमचं काहीच नव्हतं. आड येत होतं ते आपलं प्रेम. दोन महिने पोटात जळत होतं ते एकदम विझलं. आपण उगाच संशय घेतला म्हणून त्याला ओशाळल्यासारखं झालं, आणि थोडं स्वतःचं कौतुकही वाटलं. त्यानं टेबलावरून हात लांब करून तिचा हात धरला.

"म्हणणारच मी," तो म्हणाला. "नवरा आहे तुझा. माया असते गं."

सुनीतीनं हात सोडवून घेतला नाही. आवाजही चढवला नाही.

"मायेचं मी बघून घेतलं असतं, उदय. पण मी हरले की तुझा चेहरा खुलतो. तो मला त्या डोंगरावर बघायचा नाहीये."