ग्रीक सुविचार

"मावशी, सोमवारचा सुविचार कुठल्या पुस्तकातला? ‘मन रमत नाही तिथे एक दिवसही थांबू नये.’ खाली ग्रीक तत्त्वज्ञाचं नाव होतं, पण संदर्भ कुठेच सापडत नाही."

प्रयोगशाळेचा फळा रोज लिहिणाऱ्या मावशींनी जीभ चावली. "माझाच आहे तो. माझ्या नावानं कोण वाचेल, मॅडम?"

त्या ओळीवर विसंबून लिहिलेला माझा राजीनामा हातात घेऊन मी सरांच्या केबिनबाहेर उभी होते.

"लेक नर्सिंगला गेली, तेव्हा रोज फोनवर रडायची. तिच्यासाठी बनवला होता."

"मग आली ती परत?"

"कसली येतेय! आईचं ऐकायचंच नाही."

"आता कशी आहे?"

"मजेत! अख्खा वॉर्ड सांभाळते," मावशी तक्रारीच्या सुरात म्हणाल्या.

आतून सरांनी विचारलं, "काय द्यायचं होतं तुम्हाला?"

"अजून कळत नाहीये, सर."