मुळाला गाठ नाही

मागच्या साली सूत्रकृमींनी, मातीतल्या त्या डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांनी, टोमॅटोच्या मुळांना गाठी आणल्या आणि उभा प्लॉट बसला. यंदा सुनेनं त्याच जागेत आधी ते किडे हटवणारा झेंडू हंगामभर घेतला आणि मग छाती ठोकून पुन्हा टोमॅटोच लावला. "या खेपेला गाठ निघाली, तर शेतीच्या बाबतीत मी पुन्हा तोंड उघडणार नाही," असं ती साऱ्या घरादेखत बोलून बसली होती.

आणि आज दुपारी रोपांनी माना टाकल्या, अगदी मागच्यासारख्याच. चार दिवस सासरे तिची नजर टाळत होते. रागावलेच असणार, दुसरं काय! देवाचं नाव घेऊन तिनं त्यांच्यासमोरच खुरप्यानं एक रोप अलगद उकरलं आणि बादलीत मुळं धुतली. मुळं पांढरीशुभ्र, गाठ औषधालासुद्धा नाही. ती तिथेच ढेकळावर मटकन बसली.

"पावला गं बाई देव! पण मग ही सुकली कशानं?"

सासरे उपरण्यानं तोंड पुसत पुटपुटले, "ठिबक बंद ठेवलंय मी. चार दिवस झाले."

"बाबा! पाण्याचं मी बघतो म्हणालात ना?"

"ओल मिळाली की ते किडे पोहत मुळाशी जातात, असं शेतीखात्याचे साहेब म्हणाले होते. म्हटलं, मरू देत मेले तहानेनं. तुझा शब्द खाली पडायला नको, सूनबाई."

तिनं हसत हसत ठिबक सुरू केलं. पण त्याआधी कळशीतलं तांब्याभर पाणी त्यांच्या हातात दिलं. घसा त्यांचाही कोरडा पडला होता.