तिसऱ्या लेनमधला फुगवटा

"कोच साहब, बात को क्यों खींचते हो? राजीनामा दे दो," चौकीतले इन्स्पेक्टर म्हणाले.

अशोक त्यांच्यासमोर बसला होता. शेजारी शाळेचा मॅनेजर अंशुमन होता, त्याच्या पलीकडे ट्रॅकचा ठेकेदार. तिघांचं आधीच ठरलेलं दिसत होतं.

जानेवारीच्या धुक्यात ठेकेदारानं ओल्या डांबरावरच रबराच्या दाण्यांचा थर ओढला होता. दाणे धरून ठेवणारा गोंद ओलीवर पकडत नाही, हे अशोकनं परोपरीनं सांगून पाहिलं. पण उद्घाटनाची घाई! तिसऱ्या लेनमध्ये रबर फुगून सुटलं, त्यात मयुराचा पाय अडकला आणि गुडघा कायमचा गेला. मयुरा ही अशोकची एकुलती एक लेक. चालेल, पण पळणं विसरा, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा बापाच्या पायाखालची जमीन सरकली होती.

तिनं मात्र एकच मागितलं होतं. "बाबा, तो ट्रॅक उखडायला लाव. माझ्या जागी आता आमच्या टीममधली राधा पळणार आहे."

म्हणून अशोकनं पोलिसांत तक्रार केली. शाळेच्याच कोचनं शाळेविरुद्ध जायचं म्हणजे नोकरीवर पाणी सोडायचं, हे न कळण्याइतका तो दूधखुळा नव्हता. पुण्याहून गुरुग्रामला येऊन वर्षही झालं नव्हतं. जाऊ दे नोकरी. तक्रार तर राहील!

"दिया राजीनामा," तो म्हणाला. "लेकिन ट्रॅक?"

"उसकी फिक्र अब आप छोड़िए," अंशुमन म्हणाला.

इन्स्पेक्टरांनी पुढे केलेल्या कागदावर अशोकनं सही ठोकली. डोळे असे भरून आले होते की वाचतो कसलं! ठेकेदारानं उठून मिठी मारली, चहा मागवला. निघताना अंशुमन म्हणाला, "कल ग्राउंड पर मिलते हैं, सर." नोकरी सोडणाऱ्याचा केवढा हा मान! तोंडदेखलं का होईना, इकडची माणसं गोड बोलतात, असं अशोकला वाटलं.

घरी मयुरा पायाखाली उशी घेऊन पडली होती. अशोक तिच्या उशाशी बसला.

"नोकरी सोडली, बाळा. त्यांना तेवढंच हवं होतं. आता मी कुणाचा मिंधा नाही. ट्रॅक उखडेपर्यंत केस लढायची."

"नोकरी? आणि ती पोलीस चौकीत सोडलीस?" मयुरा कोपरांवर उठली. "ते नक्की काय म्हणाले, बाबा?"

"राजीनामा दे म्हणाले. दिला."

शाळेतल्या मैत्रिणींमुळे मयुराची हिंदी बापाच्या कितीतरी पुढे गेली होती.

"बाबा," ती म्हणाली, "इथे राजीनामा म्हणजे तडजोड. तू माझी तक्रार मिटवून आलास."