करंजाची फांदी

साइडपट्टी बंद असल्याचं सांगणारा बोर्ड भर दुपारी विझला, तेव्हा मुकादम चांगुणाबाईच्या सहा बाया त्याच साइडपट्टीवर कंबरभर खड्ड्यात खणत होत्या. घाटाच्या वळणापलीकडून ट्रकांची रांग येत होती. एकाही ट्रकात ड्रायव्हर नव्हता. बोर्ड दिसला नाही, तर ते खुशाल साइडपट्टीवर चाकं घालत.

चांगुणाबाईने शेजारच्या करंजाची फांदी कडकन मोडली, धावत जाऊन खड्ड्याच्या अलीकडे उभी केली आणि बुडाशी चार दगड रचले.

हे ट्रक याच घाटात शिकले होते. इंजिनियर बोंद्रे साहेब त्यांना एकेक बोर्ड दाखवत, तेव्हा ही बाई हट्टाने रोज बोर्डाशेजारी फांदी उभी करायची.

"अहो बाई, मशिनीला फांदी काय कळणार?" साहेब हसायचे.

"माझा बाप ट्रक चालवायचा. गाडी बंद पडली की मागं फांदी ठेवायचा, तेवढ्यावर अख्खा घाट समजायचा. शिकू द्या की तुमच्या मशिनीला बी."

पहिला ट्रक वळणावर दिसला. फांदी बघताच मंदावला, उजवीकडे सरकला आणि अदबीने निघून गेला. मागचे सतराच्या सतरा तसेच गेले. खड्ड्यातल्या बायांनी मान वर करूनही बघितलं नाही.

तेवढ्यात फोन वाजला. "चांगुणाबाई, बोर्ड विझलाय!" बोंद्रे साहेबांचा आवाज कापत होता. "माणूस पाठवतो, लगेच!"

"सावकाश येऊ द्या, साहेब," चांगुणाबाई पदराने घाम पुसत म्हणाली. "फांदी अजून हिरवी हाय."