नथूदादाची फळी
आमच्या गावाला खोपोलीची यष्टी मिळाली ती नथूदादामुळं. दोन्ही पाय लुळे, चाकाच्या फळीवर बसून फिरायचा. पण बैलगाडीतनं डेपोत खेटे घालून त्यानंच साहेबाला वळवलं. थांब्याचं जोतं आमी पुराच्या भीतीनं कमरेएवढं बांधलं, ऐटीत पायऱ्या केल्या. पहिल्या गाडीला नारळ फोडायचा मान त्याचा. फळी पायऱ्यांशी येऊन थांबली. “चल दादा, उचलून घेतो,” सरपंच म्हणला. “नाय. उचलायचंय ते मेल्यावर उचला. आज माझा मी चढणार.” “आरं, गाडी खोळंबलीय.” “खोळंबू दे.” बायका उठल्या, जोत्याच्या कामातला उरलेला मुरूम घमेल्यांनी पायऱ्यांवर ओतू लागल्या. घड्याळ बघणारा कंडक्टरबी फावडं घेऊन आला. उतार झाला. नथूदादा हातानं रेटत वर गेला, त्यानं नारळ फोडून खोबरं वाटलं. मग यष्टीच्या दाराकडं बघत म्हणला, “आता हिच्या पायऱ्यांचं काय करता रं?”